जोखीम सौद्याआधी सांभाळायची असते

‘निफ्टीचा ईटीएफ म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या. त्या काही एका रात्रीत बुडणार नाहीत. मग स्वतःचे एक लाख घालून वर ब्रोकरचे तीन लाख घेतले तर बिघडलं कुठे? स्टॉपलॉस लावून ठेवायचा, झालं.’ इंदूरमध्ये हा युक्तिवाद आता विजयनगरातल्या टिपा विकणाऱ्या कचेऱ्यांपुरता राहिलेला नाही. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिसमध्ये नोकरी करणारी मुले तो करतात, रामबागेतले निवृत्त बँक अधिकारी करतात, सानंद संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन शहाणीसुरती माणसे करतात. शेअर निवडून उधारीवर घेणे हा जुगार, पण निर्देशांकाचा ईटीएफ उधारीवर घेणे म्हणजे ‘जोखीम सांभाळून’ केलेली गुंतवणूक, असा एक समज पक्का होत चालला आहे. तो चुकीचा आहे. नुसता अर्धवट नव्हे, मुळातच चुकीचा. आणि तो खोडून काढण्यासाठी बाजाराला शिव्या देण्याची गरज नाही. साधी आकडेमोड पुरते.

आधी वस्तुस्थिती. अमेरिकेत २००६ पासून दुप्पट आणि पुढे तिप्पट चालीचे, म्हणजे लिव्हरेज्ड, ईटीएफ मिळतात. निर्देशांक दिवसभरात एक टक्का वर गेला की असा फंड दोन किंवा तीन टक्के वर जातो, पडला की त्याच पटीत पडतो. आपल्याकडे असे फंड नाहीत, कारण म्युच्युअल फंडाच्या योजनेला तिच्या निव्वळ मालमत्तेच्या शंभर टक्क्यांपलीकडे बाजारात सौदे अंगावर घेता येत नाहीत, असा बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा नियम आहे. ‘सेबी मागासलेली आहे, हे फंड भारतात आणा’ अशी मागणी करणारे खूप भेटतात. पण त्यांना हवी असलेली गोष्ट वेगळ्या दाराने कधीच आत आली आहे. त्या दाराचे नाव एमटीएफ, म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. २००२च्या जानेवारीत भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टीबीज, बाजारात नोंदला गेला तेव्हा तो रोखीने घ्यायचा कागद होता. आता शेअर बाजारावर आधारित ईटीएफही एमटीएफमध्ये घेता येतात. मोबाइलवर खरेदीचे बटण दाबताना खाली एक छोटी खूण करायची, की ब्रोकर उरलेले पैसे घालतो. चौपटीपर्यंत. घेतलेले युनिट ब्रोकरकडे तारण राहतात आणि व्याज रोजच्या रोज चढते. अमेरिकेतला फंड तिप्पटीवर थांबतो, आपण चौपटीपर्यंत जातो, आणि तरी आपल्याला वाटते की आपल्याकडे लिव्हरेज्ड ईटीएफ नाहीत.

आता तो एक लाखाचा सौदा उघडून पाहू. स्वतःचे १ लाख, ब्रोकरचे ३ लाख, ईटीएफ ४ लाखांचा. व्याज वर्षाला १२ टक्के धरू. दर ब्रोकरागणिक बदलतो, पण हा आकडा अवाच्या सव्वा नाही. तीन लाखांवर १२ टक्के म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये, दिवसाला शंभरच्या आसपास. खात्याच्या उताऱ्यावर ही रक्कम रोज अठ्ठ्याण्णव रुपये काही पैसे अशी बारीक पडते आणि बारीक पडते म्हणूनच डोळ्यांत भरत नाही. पण ती तुमच्या लाखाच्या ३६ टक्के आहे. ४ लाखांचा ईटीएफ वर्षात ९ टक्के वाढला, तर ३६,००० मिळतात आणि ते सगळे व्याजात जातात. निफ्टीने बरे वर्ष दाखवले तरी तुम्ही जिथल्या तिथे. ज्याने उधारी न करता एक लाखाचाच ईटीएफ घेतला, तो मात्र नऊ हजारांनी पुढे.

हे झाले बाजार वर गेल्यावर. खाली आल्यावर काय होते ते पाहा. ब्रोकरने किमान २० टक्के मार्जिन, म्हणजे ईटीएफच्या चालू किमतीतला स्वतःचा वाटा, कायम राखायला सांगितले असेल, तर ४ लाखांचा ईटीएफ ३ लाख ७५ हजारांवर आला की मार्जिन कमी पडते. म्हणजे फक्त सव्वासहा टक्के घसरण. काही ठिकाणी मार्जिन २५ टक्केच राखावे लागते. तिथे तर पहिल्याच लाल दिवशी पैसे भरण्यासाठी फोन येतो. पैसे भरले नाहीत तर ब्रोकर पोझिशन कापतो, म्हणजे युनिट विकून टाकतो, आणि तसे करण्याचा अधिकार आपण खाते उघडताना सही करून त्याला दिलेलाच असतो.

सव्वासहा टक्के काही आकाश कोसळल्यावरच पडतात असे नाही. ४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस आठवा. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी २३,२६४ वर बंद झाला होता. मतमोजणी सुरू झाली आणि दिवसभरात तो २१,२८१ पर्यंत उतरला, म्हणजे साडेआठ टक्के खाली. बंद झाला २१,८८४ वर. आपला ४ लाखांचा ईटीएफ त्या दुपारी ३ लाख ६६ हजारांच्या घरात आला असता, मार्जिनच्या रेषेखाली. ज्याची पोझिशन तेव्हा कापली गेली, त्याच्या एक लाखातले चौतीस हजार एका दुपारीत गेले. आणि त्याच आठवड्यात, ७ जूनच्या शुक्रवारी, निफ्टी २३,२९० वर बंद झाला. निकालाआधीच्या पातळीच्याही वर. रोखीने ईटीएफ घेतलेल्या माणसाने तो आठवडा वर्तमानपत्र न वाचता काढला असता तरी त्याचे काही बिघडले नसते. दोघांनी तोच ईटीएफ घेतला होता, दोघांचा अंदाजही बरोबर होता. फरक फक्त उधारीचा.

‘म्हणून तर स्टॉपलॉस,’ असे उत्तर लगेच येते. म्हणून त्या उत्तराकडेच नीट पाहिले पाहिजे, कारण ‘जोखीम व्यवस्थापन’ या शब्दांखाली बहुतेकांच्या मनात फक्त स्टॉपलॉस असतो.

१३ मार्च २०२०. कोरोनाच्या बातम्यांनी आदल्या दिवशीच बाजार हादरला होता आणि निफ्टी ९,५९० वर बंद झाला होता. सकाळी बाजार उघडला आणि काही मिनिटांत निफ्टी दहा टक्के पडून सर्किटला लागला. व्यवहार ४५ मिनिटे बंद. त्या ४५ मिनिटांत कुणाचाही स्टॉपलॉस चालत नाही, कारण समोर बाजारच नाही. पुन्हा उघडल्यावर निफ्टी ८,५५५ पर्यंत गेला. नऊ हजारांवर स्टॉपलॉस लावून रात्री शांत झोपलेल्या माणसाचा माल या दरम्यान कुठेतरी विकला गेला. आणि संध्याकाळी? निफ्टी ९,९५५ वर बंद. आदल्या दिवसापेक्षा जवळपास चार टक्के वर. ज्यांनी काही केले नाही ते फायद्यात आणि ज्यांनी ‘शिस्त’ पाळली ते तळाला विकून मोकळे. दहाच दिवसांनी, २३ मार्चला, निफ्टी एका दिवसात तेरा टक्के पडला. त्या दिवशीही सकाळी सर्किट लागून व्यवहार थांबले होते.

स्टॉपलॉस हा आदेश आहे, हमी नव्हे. किंमत त्या आकड्याला शिवली की विक्रीची सूचना बाजारात जाते. पुढे घेणारा कोण आणि कितीला, हे त्या क्षणी ठरते. ईटीएफच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. घबराटीच्या दिवशी ईटीएफची बाजारातली किंमत त्याच्या आतल्या शेअरांच्या मूल्यापासून सुटते. खरेदीदार हात आखडता घेतात, भाव मूल्याच्या बराच खाली जातो. अशा वेळी तुमचा स्टॉपलॉस निफ्टीमुळे नव्हे, तर समोर घेणारा नाही म्हणून लागतो. रोखीच्या मालकाला हा फरक दुसऱ्या दिवशी भरून मिळतो. उधारीवाल्याला दुसरा दिवसच नसतो.

२०२०चाच हिशेब शेवटपर्यंत करू. त्या वर्षी १४ जानेवारीला निफ्टी १२,३६२ वर होता आणि २३ मार्चला ७,६१० वर, म्हणजे ३८ टक्के घसरण. समजा जानेवारीत चौपटीचा सौदा केला आणि मध्ये कुणी कापला नाही. ४ लाखांचे २ लाख ४६ हजार झाले. ब्रोकरचे देणे ३ लाख. तुमचे एक लाख संपून वर चोपन्न हजार आणि व्याज अंगावर. अगदी सावधपणे दुप्पटीवरच थांबलेल्या माणसाच्या रुपयातही, व्याज धरण्याआधी, तेवीस पैसे उरले. आणि नोव्हेंबरमध्ये निफ्टीने जानेवारीची पातळी ओलांडली. ‘बाजार शेवटी वर जातोच’ हे वाक्य खरे ठरले, दहा महिन्यांत खरे ठरले. पण ते पाहायला उधारीवाल्याची पोझिशन उरली नव्हती.

इथे दुसरा पक्ष पुढे येतो, आणि तो जास्त अभ्यासू असतो. तो म्हणतो, एमटीएफ नको, कारण तिथे मार्जिनसाठी फोन येतो. अमेरिकेतला तिप्पट फंड घ्या. तिथे उसनवारी फंडाच्या आत असते, आपल्याला कुणी फोन करत नाही, गुंतवणूक शून्याखाली जात नाही. वर टीक्यूक्यूक्यू या नॅस्डॅक १०० च्या तिप्पट फंडाचा आलेख दाखवतो. २०१० ते २०२१ या काळात त्या फंडाने लावलेला पैसा कित्येक पट केला, हे खरे आहे.

त्या फंडाचा जन्म फेब्रुवारी २०१० चा. २००८च्या पडझडीनंतर, अमेरिकेच्या इतिहासातल्या लांबलचक तेजीच्या सुरुवातीच्या टप्प्यात. त्याच नॅस्डॅक १०० ने मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ या काळात ८० टक्क्यांहून जास्त गमावले होते. तेव्हा असा तिप्पट फंड असता, तर त्यात रुपयातला एक पैसाही उरला नसता. जो फंड त्या वादळात जन्मलाच नव्हता, त्याच्या आलेखावरून वादळात काय होते हे कसे कळणार?

पण इतके मागे जायची गरज नाही. २०२२ मध्ये नॅस्डॅक १०० चा साधा ईटीएफ ३३ टक्के पडला, तिप्पट फंड ७९ टक्के. मग २०२३ आणि २०२४ ही दोन जोरदार तेजीची वर्षे आली. तिप्पट फंड २०२३ मध्ये जवळजवळ तिप्पट झाला, पुढच्या वर्षी आणखी ५८ टक्के वाढला. हे ऐकून हात शिवशिवतात. पण २०२१च्या शेवटापासून २०२४च्या शेवटापर्यंतचा हिशेब मांडा. साधा ईटीएफ सुमारे ३० टक्के वर. तिप्पट फंड जेमतेम मूळ जागी, किंचित खालीच. तिप्पट धोका, तीन वर्षे, मिळकत शून्य.

याला कारण फंडाचा लबाडपणा नाही. तो रोजच्या चालीची तिप्पट देतो असे सांगतो आणि तसेच देतो. दोष गणिताचा आहे. निर्देशांक १०० वरून ११० झाला आणि दुसऱ्या दिवशी परत १०० वर आला, म्हणजे १० टक्के वर आणि ९.०९ टक्के खाली. साध्या ईटीएफवाल्याचे काही गेले नाही. तिप्पट फंड १३० वर जातो आणि तिथून २७.२७ टक्के उतरतो: ९४.५५. बाजार जागच्या जागी, आपले साडेपाच टक्के गायब. रोज संध्याकाळी पट पुन्हा तिनावर आणायची म्हणून फंडाला चढल्यावर विकत घ्यावे लागते आणि पडल्यावर विकावे लागते. एकाच दिशेने सरळ जाणाऱ्या बाजारात हे फायद्याचे ठरते. वरखाली हेलकावणाऱ्या बाजारात प्रत्येक हेलकाव्याला थोडे रक्त जाते. अमेरिकेची सेबी म्हणावी अशा एसईसीने आणि तिथल्या ब्रोकरांच्या नियामक संस्थेने, फिनराने, २००९ मध्येच एकत्रित इशारा दिला होता की हे फंड दीर्घकाळ धरून ठेवण्यासाठी नाहीत. फंडवाले स्वतः माहितीपत्रकात तेच लिहितात. फक्त विकणारे ते वाचून दाखवत नाहीत.

इंदूरहून हे फंड घ्यायचे तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून पाठवावे लागतात. त्या योजनेत परदेशातल्या बाजाराला मार्जिन म्हणून पैसा पाठवायला स्पष्ट मनाई आहे. फंडाच्या आतल्या उसनवारीला ती लागू होत नाही असा वाद घालता येतो. पण सामान्य कुटुंबाने आपली बचत अशा वादावर उभी करू नये, एवढे तरी सगळ्यांना मान्य व्हावे.

दोनशे दिवसांच्या सरासरीचा नियम सांगणारेही आहेत: निर्देशांक सरासरीच्या वर असेल तेव्हाच तिप्पट फंड धरायचा, खाली गेला की बाहेर. या नियमाने २००८ सारख्या सावकाश, लांब चाललेल्या मंदीत माणूस वाचला असता, हे मान्य. पण सरासरीच्या आसपास घुटमळणाऱ्या बाजारात हा नियम महागात घ्यायला आणि स्वस्तात विकायला लावतो, पुन्हा पुन्हा. शिवाय हाच नियम इथल्या ईटीएफला लावायचा म्हटले, तर भारतात शेअर किंवा त्यावरचा ईटीएफ वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर आहे, २३ जुलै २०२४ पासून. नियम मांडणाऱ्यांच्या आलेखात कराची रेघ सहसा नसते.

या सगळ्यांत एक युक्तिवाद मात्र आदराने ऐकण्यासारखा आहे. येल विद्यापीठातल्या इयन आयर्स आणि बॅरी नेलबफ या दोघांनी २०१० मध्ये पुस्तक लिहून मांडले की तरुणांनी उसने पैसे घेऊन शेअर बाजारात उतरावे. त्यांचे म्हणणे असे: पंचविशीतल्या माणसाची खरी संपत्ती म्हणजे पुढच्या तीस-पस्तीस वर्षांचा पगार. तो आज हातात नाही, म्हणून आयुष्याच्या सुरुवातीला त्याची बाजारातली गुंतवणूक फार थोडी आणि शेवटी फार मोठी होते. सुरुवातीला थोडी उसनवारी केली तर ही विभागणी वर्षांवर सारखी पसरते. युक्तिवाद पक्का आहे. पण त्याच्या अटी आपल्याकडे कुणी सांगत नाही. त्यांची मर्यादा दुप्पटीची आहे, तिप्पट-चौपटीची नव्हे. वय वाढेल तशी पट कमी करत आणायची आहे. आणि सगळ्यात मोठी अट: उसनवारी स्वस्त मिळाली पाहिजे.

ही अट भारतात किती भारी पडते ते आकड्यांत मांडतो. समजा बाजार सरासरी १३ टक्के देतो आणि वर्षाचा चढउतार १६ टक्क्यांचा आहे. दोन्ही आकडे मी बाजाराला अनुकूलच धरले आहेत. चढउतारामुळे चक्रवाढीतून जी घट होते, ती पटीच्या वर्गाने वाढते. एकपटीला ती सव्वा टक्क्याच्या जवळ, दुप्पटीला पाच, तिप्पटीला साडेअकरा, चौपटीला साडेवीस. पटीने वाढलेल्या कमाईतून ही घट आणि उसन्या भागावरचे १२ टक्के व्याज वजा करा. उधारी न करता चक्रवाढीने हातात पडतात सुमारे ११.७ टक्के. दुप्पट केल्यावर ८.९. तिप्पट केल्यावर ३.५. चौपटीला उणे ४.५.

म्हणजे एकही अपघात न होता, एकही स्टॉपलॉस न लागता, सरासरी चांगल्या बाजारात उधारीच्या प्रत्येक पायरीला तोटाच आहे. आयर्स-नेलबफ यांचे गणित मान्य करूनही इंदूरच्या माणसासाठी उत्तर ‘उधारी शून्य’ हेच येते, कारण इथे व्याज आणि बाजाराची कमाई यांत अंतरच उरत नाही. व्याज १२ ऐवजी ८ टक्के धरले, जे मोठ्या संस्थांनाच परवडते, तर दुप्पटीला १२.९ येतात. एका टक्क्याहून थोडे जास्त. त्यासाठी २०२० सारख्या वर्षात रुपयाचे तेवीस पैसे झालेले पाहायची तयारी हवी. आणि तिप्पटीला तेव्हाही ११.५, म्हणजे उधारी न करणाऱ्यापेक्षा कमीच.

इंदूरमध्ये याला उत्तर म्हणून इतिहास सांगितला जातो. हे शहरच सट्ट्यावर उभे राहिले, मालव्याच्या अफूवर, मग कापसावर, सर सेठ हुकुमचंदांचे नाव घ्या. घेतो. हुकुमचंद कापसाच्या सौद्यांतले मोठे नाव होते. पण त्यांच्या मागे इंदूरच्या गिरण्या होत्या, कलकत्त्याला तागाची गिरणी होती. सौदा अंगावर आला तर माल घेऊन ठेवायची आणि भाव फिरेपर्यंत थांबायची ताकद त्यांच्याकडे होती. उधारीच्या खेळात थांबण्याची ताकद हीच सगळी पुंजी असते, आणि पगारदाराकडे नेमकी तीच नसते. त्याचा थांबण्याचा कालावधी ब्रोकर ठरवतो.

सोयाबीनचा दाखला याहून बोलका आहे. सोपा, म्हणजे सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्यांची देशभरची संघटना, इंदूरमध्ये आहे. सोयातेलाच्या वायद्यांसाठी इथे नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेड उभा राहिला होता. तेलगिरणीवाला वायदा विकायचा, तोही मार्जिन भरूनच. पण त्याच्या गोदामात माल असायचा. भाव पडला तर गोदामातला तोटा वायद्यातून भरून निघायचा. मार्जिनवर केलेला तो सौदा त्याची जोखीम कमी करत होता. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले, तेव्हा मालव्यातल्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली ती आधार गेल्याची. निफ्टीचा ईटीएफ चौपटीने घेणाऱ्याच्या गोदामात काय आहे? त्याची नोकरीही बहुधा त्याच अर्थव्यवस्थेवर अवलंबून असते, जी निफ्टीबरोबर हलते. मार्च २०२० मध्ये निफ्टी पडला तेव्हा पगारकपातीच्या ई-मेलही त्याच सुमारास आल्या होत्या.

कुणी म्हणेल, वायदे आणि ऑप्शनमध्ये लोक बुडतात हे खरे, पण तो वेगळा खेळ आहे. सेबीच्या अहवालानुसार २०२४-२५ मध्ये शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शन विभागात वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९१ टक्के तोट्यात होते, एकूण निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपयांचा. ऑप्शन आणि ईटीएफ यांत फरक आहे, मान्य. पण या दोन्ही ठिकाणी माणूस जातो तो त्याच वाटेने: थोड्या पैशात मोठी पोझिशन, आणि ती आपण आवरू शकतो हा भरवसा. इंदूरच्या सल्लागार कंपन्यांवर सेबीने इतके आदेश काढले आहेत की ते वाचायला बसले तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते. ग्राहकाची ऐपत न पाहता त्याला एकामागून एक ‘पॅकेज’ विकले गेले. अशा टिपांसोबत स्टॉपलॉस सहसा दिलेला असतोच.

मग जोखीम सांभाळता येतच नाही का? येते. पण सौदा झाल्यानंतर नव्हे. उधारीच्या सौद्यात तुमच्या हातात एकच गोष्ट असते: किती रकमेचा. ती ठरवून झाली की बाकी सगळे बाजार आणि ब्रोकर ठरवतात. आणि ती रक्कम ठरवण्याआधी घरातले कागद एकदा टेबलावर मांडावेत. बहुतेक मराठी घरांत काय दिसते? मुदत ठेवी, पीपीएफ, दागिने, एखादा प्लॉट, आणि शेअर बाजारात एकूण बचतीच्या पाचव्या हिश्शाच्याही आत. अशा घरातला मुलगा मोबाइलवर १२ टक्क्यांनी तीन लाख उचलतो, आणि त्याच वेळी बँकेत त्याच्या नावावरची पाच लाखांची ठेव ७ टक्के कमावत असते. त्याला बाजारात चार लाखच हवे असतील तर ठेवीतले तीन लाख काढून साधा ईटीएफ घ्यावा. बाजारातली गुंतवणूक तेवढीच, पाच टक्क्यांचे अंतर वाचले, मार्जिनचा फोन नाही, आणि ४ जूनच्या दुपारी कुणी पोझिशन कापू शकत नाही. ‘ठेव मोडायला जीव होत नाही’ असे तो म्हणाला, तर ते चार लाखही त्याच्यासाठी जास्तच आहेत. ठेव मोडायला जी भीती वाटते ती खरी जोखमीची भीती आहे. उधारी ती भीती दिसू देत नाही, एवढेच तिचे कौशल्य.

हे सगळे ऐकूनही एखाद्याला तिप्पट फंड हवाच असेल, तर तेवढी रक्कम पूर्ण गेली तरी मुलाची फी, घराचा हप्ता आणि आईवडिलांचे औषधपाणी यांतल्या कशालाही धक्का लागणार नाही, इतकी लहान ठेवावी. पडल्यावर त्यात भर घालायची नाही, हे घेण्याआधी लिहून काढावे. ‘एव्हरेज’ करण्याची सवय साध्या ईटीएफमध्ये भल्याची ठरते, तिप्पट फंडात तीच बुडवते.

आणि सेबीकडे एक मागणी आहे. भारतात लिव्हरेज्ड फंडांना परवानगी नाही, ते योग्यच आहे आणि तसेच राहावे. पण एमटीएफच्या दाराकडे पाहिले पाहिजे. १ जुलै २०२३ पासून वायदे-ऑप्शनच्या ग्राहकाला ‘दहापैकी नऊ जण तोट्यात’ ही सूचना दाखवणे ब्रोकरांना बंधनकारक आहे. एमटीएफमध्ये ईटीएफ घेणाऱ्याला, खरेदीचे बटण दाबण्याआधी, त्याच्याच सौद्याचे तीन आकडे ठळक दिसावेत. वर्षाचे व्याज त्याच्या स्वतःच्या पैशाच्या किती टक्के. किती घसरणीला मार्जिन कमी पडेल. किती घसरणीला त्याचा सगळा पैसा संपेल. वर उघडून पाहिलेल्या सौद्यात ते ३६ टक्के, सव्वासहा टक्के आणि २५ टक्के असे आहेत. ‘यामुळे ग्राहक घाबरतील’ हे ब्रोकरांचे म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही. हे तिन्ही आकडे त्यांच्या संगणकात त्या क्षणी तयार असतात. त्यांच्याच आधारे पोझिशन कापायची वेळ ठरते.